सातशे फुटांवरून परत

परतीचे दोर कापून टाकणे हा आपल्या भाषेतला मोठ्या अभिमानाचा वाक्प्रचार. १६७० साली कोंढाण्यावर तानाजी पडला, मावळ्यांचे पाय मागे वळू लागले, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापले आणि गड हाती आला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा संस्कार इतका खोल आहे की, मागे फिरणे म्हणजे हरणे हे समीकरण मनात आपोआप जुळते. गिर्यारोहणाच्या इतिहासात मात्र असे काही दिवस येतात की, त्या दिवशी मागे फिरलेल्या माणसांना निराळे माप लावावे लागते. २५ मे १९६० हा त्यांपैकी एक होय.

त्या दिवशी सोनाम ग्यात्सो, नवांग गोम्बू आणि कॅप्टन नरेंद्रकुमार हे तिघे एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर सुमारे २८,३०० फुटांपर्यंत पोहोचले होते. शिखर उरले होते अवघे सातशे फूट. सह्याद्रीतली एवढ्या उंचीची टेकडी आपल्यापैकी पुष्कळजण न्याहारीपूर्वी चढून उतरतील. ह्या तिघांनी तेथून पाठ फिरविली.

ते कोणासाठी चढत होते हे ध्यानात घेतल्याखेरीज ह्या निर्णयाचे वजन कळणार नाही. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी शिखरावर गेले. पण ती मोहीम ब्रिटिशांची होती. पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयीन गिर्यारोहण संस्था निघाली. तिचे पहिले प्राचार्य मेजर नंदू जयाल १९५८ साली चो ओयूच्या मोहिमेत मरण पावले. त्याच मोहिमेत सोनाम ग्यात्सो मात्र पासांग दावा लामाबरोबर शिखरावर जाऊन आले. जयालांच्या जागी आलेले ब्रिगेडियर ग्यानसिंग ह्यांच्या नेतृत्वाखाली १९६० ची मोहीम निघाली. एव्हरेस्टवरची ही पहिली भारतीय मोहीम. तिघांच्या पाठीवर प्राणवायूच्या नळकांड्यांबरोबर हेही ओझे होतेच.

त्यात योगायोग असा की, त्याच दिवशी पहाटे, उत्तरेच्या बाजूने, तीन चिनी गिर्यारोहक शिखरावर पोहोचले. त्या चढाईविषयी पाश्चात्त्य देशांत पुष्कळ वर्षे शंका घेतली गेली. आज ती सामान्यतः मान्य झाली आहे. रात्रभर अंधारात चढून त्यांनी शिखर गाठले, आणि वाटेतला एक खडक चढण्यासाठी बूट काढणाऱ्या छू यिन्हुआंना पायाची बोटे गमवावी लागली. डोंगराच्या अलीकडच्या बाजूला ही वार्ता त्या वेळी असण्याचे कारण नव्हते. ती असती, तर वळणारी पावले किती जड झाली असती, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

मग ते वळले का? वारा भयंकर होता आणि उडणाऱ्या हिमकणांनी समोरचे दिसेनासे झाले होते. प्राणवायूच्या यंत्रांच्या झडपा बर्फाने धरल्या होत्या. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश असतो. तेथे अंतर फुटांत मोजून भागत नाही. ते तासांत आणि नळकांडीतल्या शिल्लक वायूत मोजावे लागते. सातशे फूट चढावयाला किती तास, तेवढेच उतरावयाला किती, आणि तोवर वायू पुरेल काय, एवढाच प्रश्न असतो. शिखर हा प्रवासाचा मध्य आहे, शेवट नव्हे, ही गोष्ट खाली बसलेल्या आपणां प्रेक्षकांना सहसा सुचत नाही.

हा हिशेब त्याच धारेवर सात वर्षांपूर्वी एकदा मांडला गेला होता. २६ मे १९५३ रोजी, म्हणजे तेनसिंग-हिलरींच्या तीन दिवस आधी, टॉम बूर्डिलाँ आणि चार्ल्स इव्हान्स दक्षिण शिखरावर, २८,७०० फुटांवर, पोहोचले. दुपारचा एक वाजला होता. इव्हान्सचे यंत्र नीट चालत नव्हते. मुख्य शिखरापर्यंतच्या धारेला आणखी काही तास लागणार, आणि परतीपर्यंत वायू पुरणार नाही, हे उघड होते. बूर्डिलाँला पुढे जावेसे वाटत होते. त्याने आणि त्याच्या वडिलांनी मिळून ती यंत्रे घडविली होती, तेव्हा त्याचे मन कोणालाही समजेल. शस्त्रवैद्य असलेल्या इव्हान्सने नकार दिला. दोघे परतले. त्यांनी वाटेत ठेवलेल्या दोन नळकांड्यांत थोडा वायू शिल्लक होता. तीन दिवसांनी शिखरावरून उतरताना हिलरी-तेनसिंगांना तोच उपयोगी पडला. बूर्डिलाँ मात्र पुन्हा त्या धारेवर गेला नाही. १९५६ मध्ये आल्प्समध्ये त्याचा अंत झाला.

ह्या निर्णयातली खरी अडचण निराळीच आहे. तो ज्या मेंदूने घ्यावयाचा, त्या मेंदूलाच प्राणवायू अपुरा पडत असतो. थकवा, थंडी आणि समोर दिसणारे शिखर ह्यांच्या संगतीत विवेक मंदावतो, आणि तो मंदावला आहे हे ज्याचे त्याला उमगत नाही. म्हणून जाणते लोक परतीची वेळ आधीच, खाली, शुद्ध हवेत ठरवितात. पण ठरविणे वेगळे आणि पाळणे वेगळे. १० मे १९९६ रोजी दक्षिणेच्या वाटेवर दुपारचे दोन वाजून गेल्यावरही माणसे वर चढतच राहिली, आणि संध्याकाळच्या वादळाने त्यांना गाठले. त्याच दिवशी उत्तरेच्या बाजूने भारत-तिबेट सीमा पोलिसांचे पथक चढत होते. उपनेते हरभजनसिंग मागे फिरले; पुढे गेलेले तिघे परतले नाहीत. त्या तिघांना दोष देण्याचा अधिकार उबदार खोलीत बसलेल्या कोणालाही नाही. परंतु ‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपण भित्र्या माणसाची म्हणून ज्या हलक्या सुरात उच्चारतो, तो सूर ह्या प्रसंगापुढे टिकत नाही.

१९६० नंतर दोनच वर्षांनी मेजर जॉन डायस ह्यांच्या नेतृत्वाखाली दुसरी भारतीय मोहीम गेली. सोनाम ग्यात्सो पुन्हा अग्रभागी होते. बरोबर हरी डांग आणि नौदलाचे मोहन कोहली. वादळाने त्यांना शेवटच्या तंबूत अडकवून ठेवले. तरीही ३० मे रोजी ते २८,६०० फुटांवर गेले, म्हणजे शिखराच्या सुमारे चारशे फूट खाली. वेळ उलटून गेली होती, वारा थांबत नव्हता. तेही मागे फिरले. हातातोंडाशी आलेला घास एकदा सोडणे समजू शकते. पण ज्याने तो दोनदा सोडला, त्या सोनाम ग्यात्सोंच्या मनाचा अंदाज बांधणे अवघड आहे. लोक चारशेचा आकडा लक्षात ठेवतात. खाली उतरलेली माणसे तीन होती, हा आकडा कोणी उच्चारीत नाही.

१९६५ साली तिसरी मोहीम निघाली. नेते कोहली, उपनेते नरेंद्रकुमार. २० मे रोजी अवतारसिंग चीमा आणि नवांग गोम्बू शिखरावर पोहोचले. गोम्बू १९६३ मध्ये अमेरिकन मोहिमेबरोबर एकदा जाऊन आले होते. तेव्हा एव्हरेस्टवर दोनदा पाऊल ठेवणारे ते पहिले मनुष्य ठरले. दोन दिवसांनी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, सोनाम ग्यात्सोही सोनाम वांग्याल ह्यांच्याबरोबर पोहोचले. २४ आणि २९ मे रोजी आणखी दोन तुकड्या गेल्या आणि एकूण संख्या नऊ झाली.

नरेंद्रकुमारांनी १९६१ साली नीलकंठच्या मोहिमेत पायाची चार बोटे गमावली होती. १९६५ मध्ये ते आणि कोहली खालून तुकड्या, सामान आणि प्राणवायू वर पाठवीत राहिले. त्या नऊ जणांच्या यादीत ह्या दोघांची नावे नाहीत.