विद्यार्थी चळवळीतून स्कूल बोर्डात : टेक्सासमधील क्रिस्टल सिटीचा प्रयोग (१९६९-१९७३)

प्रस्तावना

विद्यार्थी चळवळींचा इतिहास प्रामुख्याने मोर्चे, बहिष्कार आणि पोलीस कारवाई यांच्या आधारे लिहिला गेला आहे. १९६८ चे पॅरिस असो किंवा १९७४ चे गुजरात व बिहार असो, अभ्यासकांचे लक्ष रस्त्यावरील संघर्षावर आणि त्यातून हादरलेल्या सरकारांवर केंद्रित झालेले दिसते. ज्या शाळा-महाविद्यालयांतून असंतोष उफाळला, त्या संस्थांचा कारभार पुढे कोणाच्या हाती गेला, हा प्रश्न त्यामानाने उपेक्षित राहिला. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील क्रिस्टल सिटी या लहानशा गावाचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तेथे डिसेंबर १९६९ मध्ये विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि अवघ्या चार महिन्यांत, एप्रिल १९७० मध्ये, त्या बहिष्कारामागील प्रमुख संघटक होसे आन्हेल गुतिएरेस हे वयाच्या पंचविशीत त्याच शाळांच्या स्कूल बोर्डावर निवडून आले. बोर्डाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. सत्तेबाहेरची चळवळ सत्तेच्या खुर्चीत बसते तेव्हा तिला काय साधते आणि काय साधत नाही, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

गाव आणि त्यातील सत्तासंबंध

क्रिस्टल सिटी हे झवाला काउंटीचे मुख्य ठिकाण. मेक्सिकोच्या सीमेपासून फार दूर नसलेला हा प्रदेश हिवाळी भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध होता. गावाने स्वतःला 'जगाची पालक-राजधानी' म्हणवून घेतले आणि १९३७ मध्ये पालक खाणाऱ्या पॉपाय या व्यंगचित्रातील खलाशाचा पुतळाही उभारला. पालक खुडणारे हात मात्र मेक्सिकन वंशाच्या मजुरांचे होते. गावात मोठे बहुमत याच समाजाचे होते. जमीन, व्यापार, नगर परिषद आणि शाळा मात्र अल्पसंख्य गोऱ्या, म्हणजे तेथील भाषेत 'अँग्लो', कुटुंबांच्या हाती होत्या. उन्हाळ्यात असंख्य मजूर कुटुंबे बीटच्या शेतांवर कामासाठी उत्तरेकडील राज्यांत जात आणि पीकहंगाम संपल्यावर परतत. मुलांचे शिक्षण त्या वेळापत्रकात वारंवार खंडित होई. ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या सत्तेला पहिला धक्का १९६३ मध्ये बसला. टीमस्टर्स या कामगार संघटनेच्या साहाय्याने मेक्सिकन-अमेरिकन समाजाचे पाच उमेदवार नगर परिषदेच्या पाचही जागांवर निवडून आले व हुआन कोर्नेहो महापौर झाले. परंतु कारभाराचा अनुभव नाही, आपसांत एकवाक्यता नाही, अशा स्थितीत १९६५ मध्ये ही सत्ता गेली. त्या प्रचारात तरुण गुतिएरेस सहभागी होते. एका निवडणुकीतील विजय टिकविण्यासाठी कायमस्वरूपी संघटना लागते, हा त्या पराभवाचा धडा होता. १९६७ मध्ये सॅन अँटोनियो येथे शिकत असताना त्यांनी चार सहकाऱ्यांसह 'मेक्सिकन अमेरिकन यूथ ऑर्गनायझेशन', म्हणजे 'मायो', ही संघटना स्थापन केली. राज्यशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेऊन ते १९६९ मध्ये गावी परतले, ते सत्तांतराची योजना मनाशी बांधूनच.

चीअरलीडरचा प्रश्न

असंतोषाचे निमित्त वरकरणी क्षुल्लक वाटेल. फुटबॉल सामन्यांत खेळाडूंना प्रोत्साहन देणाऱ्या चीअरलीडर मुलींच्या चमूत चारांपैकी केवळ एक मेक्सिकन-अमेरिकन असावी, असा अलिखित दंडक होता. निवड शिक्षक करीत. शाळेत बहुसंख्य विद्यार्थी मेक्सिकन-अमेरिकन असताना १९६९ च्या वसंत ऋतूत हाच दंडक पुन्हा लावला गेला. विद्यार्थ्यांच्या तक्रारीनंतर अधीक्षकांनी काही सवलती दिल्या. बोर्डाने त्या रद्द केल्या. पुढे शरद ऋतूत माजी विद्यार्थी संघाने वार्षिक समारंभातील 'राणी'च्या निवडीसाठी अट घातली, की उमेदवार मुलीच्या आईवडिलांपैकी एक जण याच हायस्कूलचा पदवीधर असावा. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या हायस्कूलपर्यंत पोहोचूच दिले नाही, त्या समाजातील मुलींना दूर ठेवण्याचा याहून सोज्वळ मार्ग शोधूनही सापडला नसता. जात न उच्चारता जात पाळण्याच्या युक्त्या आपल्यालाही अपरिचित नाहीत.

सेवेरिता लारा या विद्यार्थिनीने या अटीविरुद्ध पत्रके वाटली आणि तिला निलंबित करण्यात आले. बोर्डाने विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकण्याचे टाळले, तेव्हा ९ डिसेंबर १९६९ रोजी बहिष्कार सुरू झाला. लारा, मारियो त्रेविन्यो आणि डायना सेर्ना हे त्याचे नेते होते. मागण्या एव्हाना चीअरलीडरच्या निवडीपुरत्या राहिल्या नव्हत्या. द्वैभाषिक शिक्षण, मेक्सिकन-अमेरिकन शिक्षक व समुपदेशक आणि आपल्या समाजाच्या इतिहासाचा अभ्यासक्रमात समावेश हे मुद्दे त्यांत आले होते. टेक्सासमध्ये १९१८ च्या कायद्याने इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकविणे गुन्हा ठरविले होते. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. हा निर्बंध १९६९ मध्येच कायद्याने सैल झाला होता.

बहिष्कार खालच्या वर्गांतही पसरला. त्याच्या परिणामकारकतेचे एक कारण आर्थिक होते. टेक्सासमध्ये शाळांना मिळणारे राज्याचे अनुदान सरासरी दैनिक उपस्थितीवर ठरते. रिकामे बाक म्हणजे थेट महसुलाचे नुकसान, हे संघटकांना पक्के ठाऊक होते. तिघा विद्यार्थी नेत्यांनी वॉशिंग्टनला जाऊन सिनेटर राल्फ यारबरो व एडवर्ड केनेडी यांची भेट घेतली. यारबरो हे १९६८ च्या संघीय द्वैभाषिक शिक्षण कायद्याचे प्रवर्तक होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. न्याय खात्याचे मध्यस्थ गावात आले आणि जानेवारी १९७० मध्ये बोर्डाने बहुतांश मागण्या मान्य केल्या.

मतदान कोणाचे?

या टप्प्यावर एक विसंगती नजरेत भरते. बहिष्कार करणाऱ्या मुलांना मतदानाचा अधिकारच नव्हता. अमेरिकेत मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे मुलांच्या चळवळीचे मतांत रूपांतर करण्यासाठी त्यांचे आईवडील मतदान केंद्रापर्यंत येणे अपरिहार्य होते. या आईवडिलांपैकी अनेकांना पोल टॅक्समुळे पूर्वी मतदान परवडत नव्हते; राज्याच्या निवडणुकांतील तो कर १९६६ मध्ये न्यायालयाने रद्द केला. मुलांच्या अपमानाने घराघरांत जी चीड निर्माण झाली, तिनेच पालकांना संघटित केले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. निवडणूक एप्रिलच्या आरंभी, मजूर कुटुंबे उत्तरेकडे निघण्यापूर्वी होती, ही गोष्टही निर्णायक ठरली.

जानेवारी १९७० मध्ये 'ला रासा उनिदा' हा स्वतंत्र पक्ष स्थापन झाला. एप्रिलमध्ये बोर्डाच्या तीन जागा गुतिएरेस, आर्तुरो गोन्सालेस आणि मिगेल पेरेस यांनी जिंकल्या. सात सदस्यांच्या बोर्डात बहुमतासाठी चौथे मत हवे होते. ते आधीपासून सदस्य असलेल्या एडी त्रेविन्यो यांनी दिले.

येथे स्कूल बोर्डाचे स्वरूप स्पष्ट करणे आवश्यक आहे. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानुसार आपल्या महापालिकांत जी शिक्षण मंडळे होती, त्यांचे सदस्य नगरसेवक निवडीत आणि पैशासाठी मंडळ पालिकेवर अवलंबून असे. टेक्सासमधील शाळा-जिल्हा मात्र नगरपालिकेपासून स्वतंत्र असतो. त्याचे बोर्ड नागरिक थेट निवडतात आणि ते मालमत्ता कर बसविते, अधीक्षक नेमते, शिक्षकांशी करार करते. एका मताच्या आघाडीवर मिळालेले अध्यक्षपद केवळ शोभेचे नव्हते, ते यामुळेच.

बोर्डातील कारभार

नव्या बोर्डाने द्वैभाषिक शिक्षण सुरू केले, मेक्सिकन-अमेरिकन शिक्षक व कर्मचारी मोठ्या प्रमाणावर नेमले, शाळेत मोफत न्याहरी व भोजनाची सोय केली आणि संघीय अनुदाने मिळविण्याचा धडाका लावला. आन्हेल नोए गोन्सालेस हे पुढे अधीक्षक झाले. खानावळीत शेतमजूर संघटनेची मोहोर असलेलीच लेट्यूसची भाजी घ्यावी, यांसारखे निर्णयही झाले. समर्थकांना ते तत्त्वनिष्ठ वाटले, विरोधकांना शाळेत घुसलेले राजकारण. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी खरे होते. फरक इतकाच, की आधीचे राजकारण राजकारण म्हणून कोणी ओळखत नव्हते.

अनेक अँग्लो कुटुंबांनी मुले काढून घेतली, काही शिक्षकांनी राजीनामे दिले. या प्रतिक्रियेपेक्षाही अधिक खोल अडचण वेगळी होती. शेतजमीन आणि डेल मॉन्टे कंपनीचा भाजी डबाबंद करण्याचा कारखाना बोर्डाच्या कक्षेबाहेरच राहिले. आर्थिक सत्ता हाती नसताना शाळा हीच चळवळीच्या हातातील सर्वांत मोठी नोकऱ्या देणारी संस्था बनली. ज्या समाजाला शिपायापलीकडची नोकरी मिळत नव्हती, त्या समाजातील सुशिक्षितांना शिक्षक व प्रशासक म्हणून उभे राहता आले, ही उपलब्धी कमी लेखता येणार नाही. मात्र नोकरी कोणाला, हा प्रश्नही त्याच दाराने आत आला. १९७५ मध्ये पक्षात उभी फूट पडली, तिच्या मुळाशी वैचारिक मतभेदांइतकीच या वाटपाची धुसफुस होती. चळवळीच्या पराभवाचे खापर केवळ बाहेरच्या विरोधकांवर फोडणारे लेखन या कारणास्तव अपुरे वाटते.

साधनांविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. जॉन शॉकली यांचा १९७४ चा ग्रंथ घटनांना जवळचा, तर आर्मांदो नावारो यांचा १९९८ चा ग्रंथ संपूर्ण प्रयोगाचा आढावा घेणारा आहे. त्याच वर्षी गुतिएरेस यांचे आत्मकथनही प्रसिद्ध झाले. आत्मकथनातील नियोजनबद्धता मागे वळून पाहताना अधिक ठळक झाली असण्याची शक्यता गृहीत धरूनच ते वाचावे लागते. विद्यार्थिनींचे कर्तृत्व त्यात दिसते, पण योजनाकाराच्या सावलीत. वास्तविक पहिले पत्रक लाराचे होते.

गुतिएरेस १९७३ पर्यंत बोर्डावर राहिले. १९७४ मध्ये ते झवाला काउंटीचे न्यायाधीश, म्हणजे तेथील रचनेत काउंटीचे प्रशासकीय प्रमुख, म्हणून निवडून आले आणि १९८१ मध्ये त्यांनी ते पद सोडले. दरम्यान सप्टेंबर १९७७ मध्ये वाढीव दर देण्यास नकार दिल्यामुळे पुरवठादार कंपनीने संपूर्ण गावाचा नैसर्गिक वायू तोडला. शाळेचे बोर्ड जिंकलेल्या समाजाला हिवाळ्यात लाकडे जाळावी लागली. टेक्सास विधिमंडळाने १९७३ मध्ये द्वैभाषिक शिक्षणाचा कायदा केला. निलंबित झालेली सेवेरिता लारा १९९० च्या दशकात क्रिस्टल सिटीची महापौर झाली.