पिवळ्या शेंड्याची गोष्ट

आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. ती राजाराणीची नाही. ती एका किड्याची आहे, आणि आपल्या घरच्या संत्र्याच्या झाडांची आहे.

आधी माझ्या घरातलं सांगते. लग्न होऊन आले तेव्हा आमची बाग नवीनच लागली होती. रस्त्याकडेच्या एका रोपवाल्याकडून स्वस्तात कलमं आणली होती. चार वर्षांत झाडं अंगात आली, पण एका कोपऱ्यातल्या झाडांचा एखादाच शेंडा पिवळा दिसायचा. सासूबाई म्हणायच्या, “खत कमी पडलं.” खत घातलं. मामंजी म्हणाले, “पाणी साचतं.” चर काढले. पिवळेपणा काही गेला नाही. फळं लहान, एका बाजूला कललेली, बुडाशी हिरवीच राहायची. दहाव्या वर्षी निम्मी बाग जळणात गेली. चूक कुठे झाली हे तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं, की याच प्रश्नापाशी जगभरची माणसं कितीतरी वर्षं अडली होती.

चीनच्या दक्षिणेला ग्वांगदोंग प्रांत आहे. तिथल्या चाओशान भागात घरोघरी संत्र्याच्या बागा. तिथले शेतकरी कोवळ्या शेंड्याला ‘लोंग’ म्हणत आणि या दुखण्याला ‘ह्वांग लोंग बिंग’, म्हणजे पिवळ्या शेंड्याचा रोग. शास्त्रज्ञ यायच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनी खूण बरोबर ओळखली होती. सगळं झाड एकदम पिवळं पडत नाही, आधी एक फांदी पडते. लिन कुंग-शियांग नावाचे शास्त्रज्ञ १९४० च्या दशकात तिथे काम करू लागले. त्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्या बागवानांना विचारलं, रोग कधी आला, कुठून आला. पाणी साचतं म्हणून, माती निकस म्हणून, मुळाला सूत्रकृमी म्हणून, अशी एकेक कारणं तपासून बाजूला ठेवली. मग आजारी झाडाची काडी निरोगी झाडावर कलम करून पाहिली. निरोगी झाड आजारी पडलं. १९५६ साली त्यांनी हे छापून सांगितलं : हा रोग लागट आहे, आणि तो कलमातून जातो.

तिकडे दक्षिण आफ्रिकेत १९२० च्या दशकाच्या शेवटी असंच दुखणं दिसलं. फळ पिकलं तरी बुडाशी हिरवं राहतं, म्हणून तिथे त्याला ‘ग्रीनिंग’ नाव पडलं. तेच नाव आपल्याकडे आलं. तिथल्या लोकांना आधी वाटलं, जमिनीतल्या धातूंनी झाडाला विष होतंय. १९६५ साली सिद्ध झालं, की एक बारीक उडती कीड हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते.

आता आपल्या देशाकडे या. १९२७ साली पंजाबात लायलपूरच्या (आताचं फैसलाबाद) हुसेन आणि दीनानाथ या कीटकशास्त्रज्ञांनी सायला नावाच्या किडीवर सविस्तर लिहिलं. ही कीड बसली की झाडं वाळतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पण ती रोग वाहते हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे झाडं शेंड्याकडून मरत, त्याला सगळे शेंडेमर म्हणत आणि दोष मातीला देत. १९६६ साली लिलियन फ्रेझर या ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञ बाईंनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर लिहिलं, की भारतातल्या शेंडेमरीमागे बहुधा ग्रीनिंगच आहे. आणि १९६७ साली पुण्यात काम करणाऱ्या कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी दाखवून दिलं, की आपल्याकडे ग्रीनिंग पसरवणारी कीड म्हणजे हीच सायला. जगाला हवं असलेलं एक उत्तर आपल्या पुण्यातून गेलं, बरं का!

रोगाचं मूळ म्हणजे एक जिवाणू. तो सालीखालच्या, अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत राहतो. पानांत तयार झालेलं अन्न मुळापर्यंत पोचू देत नाही. आजार लागला तरी कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षं झाड धडधाकट दिसतं. तेवढ्यात सायला त्या झाडाचा रस पिऊन शेजारच्या झाडावर जाते. एकदा लागलेला रोग बरा करणारं औषध आजही नाही.

मग करायचं काय? फवारायचं, हे पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी येतं. त्याची परीक्षा अमेरिकेतल्या फ्लोरिडात झाली. तिथे १९९८ साली सायला सापडली, २००५ साली रोग सापडला. तोवर फ्लोरिडा म्हणजे संत्र्याच्या रसाचं माहेर. पैसा होता, यंत्रं होती, औषधं होती, आणि फवारण्याही भरपूर झाल्या. तरी २००३-०४ साली संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघत होत्या, त्या २०२२-२३ मध्ये दीड कोटीच्या आसपास आल्या. वादळांनीही हात दिला, पण मुख्य घाव या रोगाचा. एकाने फवारलं आणि शेजाऱ्याने सोडलं, तर कीड धुरा ओलांडून परत येते. तेच तेच औषध मारत राहिलं तर किडीला त्याची सवय होते. आणि औषधाने किडीचे वैरीही मरतात.

हे वैरी कोण? ही गोष्टही आपल्याच मातीतली. पंजाबात एक इवलीशी गांधीलमाशी सापडली होती. १९२२ साली तिला शास्त्रीय नाव मिळालं. ती माणसाला चावत नाही. सायलाच्या पिलाखाली अंडं घालते, आणि त्यातली अळी पिलाला पोखरून खाते. हिंदी महासागरात रेयुनियॉं नावाचं बेट आहे. तिथल्या बागा ग्रीनिंगने बसल्या होत्या. १९७८ साली ही गांधीलमाशी भारतातून तिथे नेऊन सोडली. सायला कमी झाली. जोडीला रोगमुक्त रोपं लावली, आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. आपल्याकडे ही गांधीलमाशी आहेच, फक्त आपण तिला जगू द्यायला हवं. ढालकिडेही सायलाची पिलं खातात. पानावर ढालकिडा दिसला की तो शत्रू समजून मारू नका.

व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या मुखाजवळ घरच्या छोट्या बागा आहेत. संत्र्याला फळ यायला वेळ लागतो, मधल्या काळात घर चालावं म्हणून तिथल्या कुटुंबांनी दोन झाडांमध्ये पेरू लावले. काही वर्षांनी लक्षात आलं, की पेरूच्या सोबतीला असलेल्या बागेत सायला कमी येते. मग शास्त्रज्ञ पाहायला गेले. पुढच्या चाचण्यांत कळलं, की एकट्या पेरूने भागत नाही. रोप रोगमुक्तच हवं आणि बाकीची निगाही हवी. पण पहिलं निरीक्षण घर चालवणाऱ्यांचं होतं.

एवढ्या वर्षांच्या शोधातून तीन गोष्टी हाती लागल्या. रोप निरोगी आणायचं. आजारी झाड काढायचं. आणि किडीवर सगळ्यांनी मिळून लक्ष ठेवायचं. तिन्ही एकत्र केल्या तरच उपयोग, एक सोडली की दोन वाया. यालाच एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात. नाव मोठं आहे, काम आपल्या हातातलं आहे.

रोपाचं आधी. कलम जंबेरीच्या खुंटावर आहे एवढं पाहून भागत नाही. डोळा कुठल्या झाडाचा घेतला, हे विचारा. नागपूरला १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे आणि कृषी विद्यापीठात रोगमुक्त रोपांची चौकशी करा. स्वस्त रोप कसं महाग पडतं, ते आमच्या घराने भोगलं आहे.

किडीचं दुसरं. सायला जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, मातकट रंगाची. पानावर डोकं खाली आणि बूड वर करून बसते, त्यावरून ओळखा. ती अंडी घालते फक्त कोवळ्या नवतीवर. पिलं पिवळसर असतात आणि त्यांच्या अंगातून पांढरे मेणाचे धागे निघतात. म्हणून आंबिया बहाराची नवती फुटते तेव्हा, मृगाच्या वेळी आणि पावसाळ्यानंतर, अशा तीन वेळा शेंडे बघायचे. धुऱ्याकडच्या ओळी आधी, कारण बाहेरून आलेली कीड आधी तिथेच उतरते. दारातला कढीपत्ता आणि कुंतीचं झाडही बघा, ती या किडीची आवडती घरं. पिलं दिसली तर पाच टक्के निंबोळी अर्क, तोही गावातल्या सगळ्या बागांनी एकाच आठवड्यात. याहून कडक औषध लागलं तर कृषी सहायकांना विचारून.

तिसरं सगळ्यात अवघड. पान मधल्या शिरेवर दुमडून बघा. जस्त कमी असेल तर दोन्ही अर्धांचा पिवळेपणा सारखा दिसतो. ग्रीनिंगमध्ये एका बाजूचा डाग दुसऱ्या बाजूच्या डागाशी जुळत नाही. शंका आली तर पानं तपासायला पाठवा. रोग पक्का झाला तर झाड काढावं लागतं. त्याला अजून चार टोपल्या फळं येत असतात, आणि लेकरासारखं वाढवलेलं असतं. सासूबाईंनी त्या कोपऱ्यातल्या झाडांना हात लावू दिला नव्हता. तिथूनच रोग बागभर गेला. त्यांना दोष देत नाही मी. तेव्हा त्यांना कुणी हे सांगितलं नव्हतं.

आता तुम्हाला सांगितलं आहे. निंदायला, तोडणीला, पाणी द्यायला बागेत आपणच जातो. पहिला पिवळा शेंडा आपल्यालाच दिसतो. पण रोप आणायला आणि झाड ठेवायचं की काढायचं हे ठरवायला आपल्याला कुणी विचारत नाही. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या बागेतला एक कोवळा शेंडा आणा. सगळ्या मिळून बघा, वहीत लिहून ठेवा, आणि घरी जाऊन सांगा काय दिसलं ते. चाओशानच्या बागवानांनीही शेंडा बघूनच सुरुवात केली होती.