विजेआधीचा आवाज : बीड जिल्हा आणि व्हॉल्व्हचा काळ

१७ सप्टेंबर १९४८. सायंकाळी निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबाद रेडिओवरून युद्धविराम व शरणागती जाहीर केली. बीड हा तेव्हा हैदराबाद संस्थानाचाच जिल्हा. मराठवाड्याच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी बातमी हवेतून आली खरी. पण ती कानी पडण्यासाठी खोक्यातील काचेच्या चार-पाच नळ्या तापलेल्या असणे आवश्यक होते. हा धागा त्या नळ्यांविषयी आहे.

निर्वात नलिका, म्हणजेच रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या बोलीतला ‘व्हॉल्व्ह’. १९०४ मध्ये फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची नलिका सिद्ध केली. पुढे १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तारेची एक जाळी बसवली आणि सारे चित्र पालटले. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन निघतात व धनाग्राकडे धावतात. वाटेतील जाळीवर अगदी क्षीण संकेत दिला तरी तो या मोठ्या प्रवाहाला आवळतो वा सैल सोडतो. अँटेनावर आलेली कुजबुज खोलीभर ऐकू येईल एवढी मोठी होते ती या नियंत्रणामुळे.

ही नलिका घडवणे हे जवाहिऱ्याच्या तोडीचे काम. निकेलच्या बारीक नळीवर बेरियम व स्ट्राँशियमच्या ऑक्साइडचा लेप द्यायचा, भोवती केसासारख्या तारेची जाळी गुंडाळायची, अभ्रकाच्या चकत्यांनी सारे भाग जागच्या जागी धरून ठेवायचे, मग काच वितळवून तोंड जुळवायचे आणि हवा उपसायची. धातूत दडलेला वायूही निघावा म्हणून आतील भाग लालबुंद होईपर्यंत तापवत. अखेरीस बेरियमची वाफ काचेवर बसवत. ती उरलासुरला वायू शोषून घेई. जुन्या व्हॉल्व्हवर दिसणारा आरशासारखा डाग तो हाच. तो दुधासारखा पांढरा पडला, तर आत हवा शिरली आणि नळी गेली, हे पाहताक्षणी कळते.

या यंत्राची खरी अडचण होती ती उष्णतेची. व्हॉल्व्हला आधी स्वतः तापायला वीज लागते, आवाजासाठी लागणारी वीज वेगळीच. जिथे तारा आणि खांब पोहोचले नव्हते, त्या गावांसाठी बॅटरीवरचे संच निघाले. त्यांत दोन विद्युतघट लागत: तंतू तापवण्यासाठी दीड व्होल्टचा आणि धनाग्रासाठी सुमारे ९० व्होल्टचा. ९० व्होल्ट म्हणजे दीड व्होल्टचे साठ घट एकामागे एक जोडलेले! ही बॅटरी संपली की पुन्हा भरता येत नसे. नवीच आणावी लागे. रेडिओ घेणे ही एकदाची चैन, तो चालू ठेवणे हा कायमचा खर्च.

मग ऐकत कोण होते? निजामी राजवटीची हैदराबादखेरीज औरंगाबादलाही नभोवाणी होती, बीडपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. दोन्ही केंद्रे सरकारच्या हाती. याउलट स्टेट काँग्रेसवर १९३८ ते १९४६ बंदी होती. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, जे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते, त्यांचा आवाज संस्थानातील हवेवर असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे बोलण्याचे साधन सत्तेकडे, आणि ऐकण्याचे साधन ज्याला बॅटरी परवडते त्याच्याकडे. मुक्तीची बातमीही बहुसंख्य गावांत रेडिओने नव्हे, तर रेडिओ ऐकलेल्या माणसाच्या तोंडूनच पोहोचली असणार. १ एप्रिल १९५० रोजी ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीकडे आली.

१९५६ चा एक योगायोग मात्र चटका लावणारा आहे. त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने शेतकरी श्रोतामंडळांचा प्रसिद्ध प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत लोकांनी एकत्र बसून वीस कार्यक्रम ऐकले आणि त्यांवर चर्चा केली. निवडलेल्या पाच जिल्ह्यांत नगर होता, बीड नव्हता. आष्टीच्या शिवेपलीकडे नगर जिल्हा लागतो. भाषा तीच, दुष्काळही तोच. पण नगर मुंबई राज्यात आणि बीड हैदराबाद राज्यात. बीड मुंबई राज्यात आले १ नोव्हेंबर १९५६ रोजी, प्रयोग संपून सहा महिने झाल्यावर.

सभेच्या कर्ण्याची भूक तर याहून मोठी. १९३६ मध्ये आलेला ‘६एल६’ हा ध्वनिवर्धकांतला नावाजलेला व्हॉल्व्ह. अशी जोडी नुसती तापवण्यासच सुमारे ११ वॅट लागतात, म्हणजे वक्त्याने ‘बंधूंनो’ म्हणण्याआधीच. पन्नासच्या दशकातील ‘डीके ९६’ मालिकेच्या चार व्हॉल्व्हच्या बॅटरी-रेडिओचे तंतू ०.१७५ वॅटवर भागत. एका कर्ण्याच्या तापण्यात साठाहून अधिक रेडिओ तापले असते. वीज नसलेल्या मैदानात मोटारीची बॅटरी ठेवत. तिच्या सहा व्होल्टचे दोन-अडीचशे करण्यासाठी ‘व्हायब्रेटर’ असे. त्यातील पाते सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून प्रवाह तोडी-जोडी, आणि त्याची घरघर भाषणाच्या मागे चालूच राही.

स्वदेशी उत्पादन आले ते उशिरा. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने फिलिप्सच्या सहकार्याने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. पुढच्याच वर्षी त्याच कारखान्यात जर्मेनियमचे अर्धवाहकही तयार होऊ लागले, म्हणजे व्हॉल्व्हचा वारसदार त्याच अंगणात रांगू लागला. ट्रान्झिस्टरला तापावे लागत नाही. टॉर्चचे दोन-चार सेल पुरतात. परभणीचे आकाशवाणी केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले तेव्हा खांद्याला अडकवून शेतावर नेता येणारा रेडिओ बाजारात होता.

बीड जिल्ह्यातच, परळीला, औष्णिक वीजकेंद्राचा ३० मेगावॉटचा पहिला संच १९७१ मध्ये चालू झाला. जिल्ह्यातल्या साऱ्या व्हॉल्व्हना कितीही वेळ तापवता येईल एवढी वीज आता दाराशी तयार होत होती, आणि व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर चढू लागले होते.