ऊदची चिनी भावकी

इसाम राफेअ दमास्कसच्या उच्च संगीत संस्थेत अरबी संगीताचे विभागप्रमुख होते. सीरियात युद्ध पेटल्यावर ते अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांच्या ऊद या अरबी तंतुवाद्याची गाठ वादक गाओ होंग यांच्या पिपा या चिनी तंतुवाद्याशी पडली. 2018 साली दोघांचा ‘लाइफ अ‍ॅज इज’ हा अल्बम आला. आधी काहीही न ठरवता, जागच्या जागी सुचलेलं संगीत. याला फ्यूजन म्हणायची पद्धत आहे. मला विचाराल तर ही भावकीतली भेट.

दोघांचा मूळपुरुष इराणी बर्बत. पोट नासपतीसारखं, मान आखूड. पश्चिमेला त्याचा ऊद झाला, स्पेनमार्गे युरोपात ल्यूट. ही वाट सर्वांना ठाऊक आहे. ऊद म्हणजे लाकूड. (उदबत्तीतला ऊद तोच.) चामडी तोंडाच्या जुन्या वाद्यांहून हे लाकडी तोंडाचं वेगळं, म्हणून ते नाव, असा खुलासा करतात. जर्मन अभ्यासक एकहार्ड नॉयबाउअर मात्र फारशी ‘रूद’, म्हणजे तार, या शब्दाकडे बोट दाखवतात. मग ‘र’ गेला कुठे? अरबीला ‘र’चं वावडं नाही!

खरी गंमत चीनकडे. इसवी सन 200च्या सुमाराचा लिउ शी यांचा ‘शिमिंग’ हा कोश पिपाच्या नावाबद्दल सांगतो: हात पुढे ढकलला की ‘पि’, मागे ओढला की ‘पा’. झकास! पण वाद्य परकीय ‘हू’ लोकांचं, घोड्यावर बसून वाजवायचं, हेही तोच कोश सांगतो. परक्यांच्या वाद्याला चिनी क्रियापदांचं नाव कसं असेल? शब्द ‘बर्बत’वरून आला आणि अर्थ मागाहून चिकटवला, हेच मला पटतं. अडचण एकच. तेव्हाचा पिपा गोल पोटाचा होता. नासपतीच्या घाटाचा चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास मध्य आशियातून आला. म्हणजे घोडेस्वारांबरोबर नाव आधी पोचलं, वाद्य मागून. पुरावा नाही, पण दुसरी जुळणी मला दिसत नाही.

पुढे भाऊ वेगळे निघाले. पिपा उभा धरून नखांनी वाजू लागला, त्याचे पडदे वाढले. ऊदने पडदे टाकले आणि ‘रीशा’ ठेवली. रीशा म्हणजे पीस, पूर्वी ती गरुडाच्या पिसाची असे. पडदे नसल्याने अरबी मकामातला, म्हणजे तिथल्या रागासारख्या रचनेतला, दोन पडद्यांमधला सूर राफेअ बोट ठेवून थेट काढतात. गाओ होंग यांना त्यासाठी पडद्यावर तार ओढावी लागते, सतारीच्या मींडेसारखी.

2022 साली युनेस्कोने ऊद घडवण्याची आणि वाजवण्याची कला इराण आणि सीरियाच्या नावे नोंदवली. चीनचं नाव निदान तळटीपेत तरी यायला हवं होतं.