काम्ब्रेच्या रात्रीचे साक्षीदार

दुसऱ्या महायुद्धातले कॅनेडियन हवाई गनर ॲण्ड्र्यू मायनार्स्की यांच्या मृत्यूची तारीख कागदागणिक बदलते. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात हल्ल्याची रात्र १२ जून १९४४ आहे, तर मृत्यूची नोंद १३ जूनची. दोन्ही बरोबर आहेत. कॅनडाच्या ४१९व्या बॉम्बर स्क्वाड्रनचं लँकेस्टर विमान, क्रमांक केबी ७२६, इंग्लंडमधल्या मिडलटन सेंट जॉर्जहून रात्री निघालं आणि मध्यरात्र उलटल्यावर फ्रान्समधल्या काम्ब्रेवरच्या मोहिमेत शत्रूच्या लढाऊ विमानाच्या तावडीत सापडलं.

स्क्वाड्रनच्या दप्तरात उड्डाणाची वेळ लिहिली जाई, परतण्याचीही. विमान आलंच नाही, तर तिथल्या लेखनिकाला पुढचं काही कळण्याचा मार्ग नव्हता. त्यामुळे ती रात्र उभी करायची तर वाचलेल्यांच्या जबान्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

आणि त्या जबान्यांमध्येही सर्वांत मोलाचा भाग एकाच माणसाने पाहिलेला आहे. विमान पेटलं होतं आणि शेपटीकडच्या टरेटमध्ये, म्हणजे बंदुकांच्या फिरत्या कोठडीत, गनर पॅट ब्रॉफी अडकले होते. मायनार्स्की आगीतून त्यांच्यापर्यंत गेले. टरेट हलेना. शेवटी ब्रॉफींनीच त्यांना परत जायला खुणावलं. अंगावरचे कपडे पेटलेले असताना मायनार्स्की वळले, ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम केला. विमान कोसळूनही ब्रॉफी वाचले, म्हणून ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली. ते गेले असते, तर त्या सलामाचा एकही साक्षीदार उरला नसता.

एकट्याच्या जबानीवर एवढा विश्वास का ठेवायचा? माझ्या मते ती इतर पुराव्यांशी नेमकी जुळते म्हणून. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडल्यामुळे टरेट फिरवणारी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली होती. हाताने फिरवायची सोय सुटकेच्या धडपडीत मोडली होती. जमिनीवरच्या फ्रेंच लोकांनी पेटत्या पॅराशूटसह खाली येणारा माणूस स्वतंत्रपणे पाहिला. त्यांनीच मायनार्स्कींना शोधून काढलं, पण भाजल्याच्या जखमा प्राणघातक ठरल्या.

मानपत्र ११ ऑक्टोबर १९४६ रोजी प्रसिद्ध झालं. मायनार्स्की थांबले नसते तर सुखरूप बाहेर पडले असते, ही ब्रॉफींची साक्ष त्यात नोंदलेली आहे. तिला मित्राच्या दुःखातून आलेली अतिशयोक्ती मानता येत नाही. आपलं टरेट सोडून मायनार्स्की बाहेर पडायच्या दाराकडे निघालेच होते. ब्रॉफी अजून आत आहेत हे त्यांना दिसलं ते तेव्हा.