नवखा अडला, तर चूक धड्याची

‘ओपन सोर्सला हातभार लावायचा तर कोडिंगमध्ये तरबेजच हवं,’ असं वाटतं ना तुम्हाला? टोकावड्याच्या घरी बसून एमएस्सीचा प्रोजेक्ट करताना मलाही तसंच वाटायचं.

मागचा इतिहास बघा. २००९ साली केंद्र सरकारचं माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. त्याच्या पैशातून आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ उभे राहिले. महागड्या लायसन्सना पर्याय हवा होता. फॉसीने विद्यार्थ्यांनाच कामाला लावलं: पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये (हे मूळचं फ्रान्सचं) लिहा, तपासून घ्या, मानधन घ्या, कोड सगळ्यांना खुला.

मला मात्र स्पोकन ट्युटोरियलची रीत जास्त मोलाची वाटते. दहाएक मिनिटांच्या धड्याची संहिता नवख्याकडेही जाते. तो जिथे अडतो, तिथे संहिता बदलायची! अज्ञानाला इतका मान आमच्या लॅबमध्येही मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सॉफ्टवेअर बसवताना अडलात, तर कुठल्या पायरीवर अडलात ते तिथल्या तिथे लिहून काढा. एकदा जमलं की काय कळत नव्हतं तेच आठवत नाही. माझ्या दोन वह्या अशाच कोऱ्या राहिल्यात.