सनदेवाचून जहागीर

मद्रास इलाख्यातील पाळेगारांची घराणी घ्या किंवा डहाणूच्या पाठीशी डोंगरात सहा शतके नांदलेले जव्हारच्या मुकण्यांचे संस्थान घ्या, वंशपरंपरागत भूसत्तेला तेथे गादी होती, सनद होती आणि दप्तरात नोंद होती. डहाणू-तलासरीच्या वारली मुलखात मात्र यांपैकी काहीही नसताना जी जमीनदारी पिढ्यान्‌पिढ्या चालली, तिचा उगम सावकाराच्या वहीतच शोधावा लागतो.

पोर्तुगीज अमलात किनाऱ्यावरील गावे फिरंगी उमरावांना पिढ्यांच्या करारावर दिली जात. १७३९ च्या मराठी मोहिमेने तो बंदोबस्त बुडाला. पुढे इंग्रजांनी रयतवारी आणली. रयतवारीत सरकार आणि रयत यांच्यामध्ये कोणी नसावा, असे तत्त्व. पण सारा रोखीने भरायचा, रान राखीव झालेले आणि १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची दारूही गुन्हा ठरलेली, अशा स्थितीत निरक्षर वारल्याच्या वतीने सारा भरणारा सावकार अंगठ्याच्या एका निशाणीवर खातेदार झाला. शेत तेच, नांगरणाराही तोच. सातबारावरचे नाव तेवढे बदलले.

मुंबईला जाणारी रेल्वे सुरू झाल्यावर वरकस माळांवरील गवतालाही शहरात गिऱ्हाईक मिळाले आणि भाताहूनही गवताने हे जमीनदार गबर झाले. ते कापणारे हात फुकट मिळत. पावसाळ्यात घेतलेली खावटी सुगीला दिढीने फेडायची, वेठ निराळी. आणि लग्नासाठी कर्ज काढणारा तर नवरीसह धन्याच्या घरी ‘लग्नगडी’ म्हणून राबे, बहुधा जन्मभर. तेव्हा बापाकडून मुलाकडे जमीन जाई, तशी माणसेही जात. याला जमीनदारी म्हणणे हा सौम्यपणाच होय. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात हा प्रकार सरकारपुढे मांडला होता. अहवाल दप्तरी दाखल झाला.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेचे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने भरलेल्या वारल्यांच्या परिषदेने वेठ नाकारली, लग्नगड्यांना मोकळे करण्याचे ठरविले आणि दिवसाला बारा आणे मजुरी मागितली. ज्या कर्जाचा हिशेब कोर्टानेही कधी तपासला नव्हता, ते अशा रीतीने एका ठरावाने फिटले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड व आणखी चौघे पडले, तरी वारल्यांनी गवतकापणीवर पुकारलेला संप मोडला नाही.

१९४८ च्या कुळकायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवसापासून कसणारे कूळ मालक मानले गेले. परंतु कूळ कोण, हे पाहणीपत्रकातल्या नोंदीवरून ठरे, आणि वारल्याचा वहिवाटीचा करार बहुधा तोंडी असे. त्यामुळे आजोबापासून कसत असलेल्या शेताचे आपण कूळ आहोत, हे शाबीत करण्यासाठी त्याला मामलेदार कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि तेथे समोर वकील घेऊन उभा असे तो त्याच सावकाराचा नातू.